गाबोळीचा हिशेब



कवी माणसाने माशांवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण माझा जन्म महाडजवळच्या एका खेड्यात, सावित्रीच्या काठी झाला. आमच्याकडे अक्षर ओळखायच्या आधी मूल मासा ओळखतं. माझे अब्बा शिंपी होते. बाजारात त्यांचं छोटं दुकान, एक शिलाई मशीन, भिंतीवर टांगलेली टेप. पण पहिला पाऊस पडला की मशीनवर कापड तसंच राहायचं आणि अब्बा पाग खांद्यावर टाकून ओढ्याकडे निघायचे. आमचं गिऱ्हाईकही समजून घ्यायचं, कारण गिऱ्हाईकसुद्धा ओढ्यावरच असायचं.

कोकणात याला वलगण म्हणतात. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी ओढ्या-नाल्यांतून नदीला मिळालं की नदीतले मासे त्या पाण्याचा वास घेत उलटे वर चढतात. शेतात, खाचरात, बांधाच्या कडेला. ते चढतात अंडी घालायला. आणि आम्ही कंदील, बत्ती, पाग, टोपल्या घेऊन त्यांच्या वाटेवर उभे असतो. चढणीच्या माशाच्या पोटात गाबोळी असते आणि गाबोळी कुणाला आवडत नाही? सांगायचा मुद्दा असा की, आपण मासा धरतो तो नेमका त्याच्या बाळंतपणाच्या वेळी.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. म्हणजे १९८१ च्या आसपासची गोष्ट. वलगणीचा पहिला भर ओसरला होता, आषाढ अर्धा झाला होता. एका रात्री अब्बा आणि शेजारचे काका ओढा नदीला मिळतो तिथे गेले होते. हट्ट करून मीही गेलो होतो, कंदील धरायला. अब्बांनी पाग टाकला आणि ओढायला लागले तर पाग येईना. त्यांना वाटलं ओंडका अडकला. मग तो ओंडका हलला. काका ओरडले, "मास्तर, सोडू नका, मी उतरतो!" आणि ते कमरेभर पाण्यात उतरले. दोघांनी मिळून तो मासा बाहेर काढला, तेव्हा माझ्या हातातला कंदील थरथरत होता.

तो महाशीर होता. मादी. सकाळी वाण्याच्या काट्यावर वजन केलं, नऊ किलोच्या थोडं वर भरलं. अख्ख्या आळीत वाटे गेले. गाबोळीने आमचं भाताचं पातेलं भरलं. माझी दादी चुलीपुढे बसली होती. तिने पातेल्यात पाहिलं आणि म्हणाली, "या पोटात अख्खं गाव होतं रे." एवढंच म्हणाली. मग तिनेच ती गाबोळी तळली आणि आम्ही ती खाल्ली. चव अजून आठवते, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर अब्बा पंचवीस-तीस वर्षं मासे धरत होते. तेवढा मासा पुन्हा त्यांच्या पागात आला नाही. पुढे पुढे दोन किलोचा मिळाला तरी आळीत बातमी व्हायची.

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट. माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत टेनेसी राज्यात नोकरीला आहे. आजोबांची सवय नातवात उतरलेली. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन तलावावर जातो. एकदा त्याने फोटो पाठवला. हातात तळव्याहून मोठा, चंदेरी अंगावर काळे ठिपके असलेला चपटा मासा. खाली लिहिलं होतं, 'क्रॅपी'. मी फोन केला तर म्हणाला, "मामू, लिहितात तसं, पण आमच्याकडे म्हणताना क्रॉपी म्हणतात." मग म्हणाला, "हा चांगला मोठा आहे. इथले काही लोक म्हणतात, एवढा मोठा सोडून द्यावा. काही म्हणतात, खुशाल खा. तुम्ही सांगा, काय करू?"

मी म्हटलं, "बाबा, मी कविता लिहितो. मला काय विचारतोस?" पण प्रश्न डोक्यात बसला. मग मी वाचायला लागलो, जाणत्यांना विचारायला लागलो. आज तुम्हाला सांगतो आहे ते त्यातलंच.

क्रॅपी हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला मासा. त्याच्या दोन जाती, एक पांढरी आणि एक काळी. तोंडाची कातडी इतकी पातळ की गळ जोरात ओढला तर फाटून मासा निसटतो. वसंतात पाणी कोमट झालं की नर उथळ पाण्यात तळ साफ करून घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते, राखण नर करतो. एक मादी हजारोंनी अंडी घालते, मोठी असेल तर लाखाच्याही पुढे जाते. साधारण तीन-चार वर्षांत तो दहा इंचांचा होतो, आणि तिथल्या अनेक जलाशयांत दहा इंचांपेक्षा लहान क्रॅपी घरी न्यायला बंदी आहे. पण त्याचं आयुष्य लहान. बरेचसे सहा-सात वर्षांच्या आत संपतात. दहा वर्षं गाठणारा विरळा.

यातून एक गोष्ट निघते. जो मासा दरवर्षी आपल्या मरणानेच मोठ्या संख्येने मरतो, त्यातला एक मोठा तुम्ही सोडला तरी पुढच्या वर्षी तो असेलच असं नाही. शिवाय लहान तळ्यात क्रॅपी फार झाले तर खायला पुरत नाही आणि सगळेच खुरटतात. हाताएवढा मासा वर्षानुवर्षं हाताएवढाच राहतो. तिथे उलट काढलेले बरे. आणि खोल पाण्यातून भरकन वर ओढला तर त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. असा मासा सोडला तरी बहुधा जगत नाही. आपण पुण्य केलं म्हणून घरी जातो आणि तो तासाभरात उलटा होऊन तरंगतो.

म्हणून मी भाच्याला सांगितलं, "तुझा मासा खा. पण भूक आहे तेवढेच धर."

तुम्ही म्हणाल, मग मोठा मासा सोडा असं म्हणणारे चुकीचे का? तसं नाही. सगळं त्या माशाच्या आयुष्यावर आहे. ज्याचं आयुष्य लांब, वाढ हळू, त्याचा हिशेब वेगळा.

माशाची लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, जवळजवळ आठपट होतं. पोटातली जागा त्याच हिशेबाने वाढते. पण अंडी त्याहूनही जास्त वाढतात. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात समुद्रातल्या साडेतीनशेच्या आसपास जातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अटलांटिक महासागरातल्या कॉड माशाचं उदाहरण आहे. तीस किलोची एक मादी जेवढी अंडी घालते, तेवढ्यासाठी दोन-दोन किलोच्या अठ्ठावीस माद्या लागतात. म्हणजे छप्पन्न किलो तरण्या माद्यांचं काम एक तीस किलोची म्हातारी करते. शिवाय अनेक जातींत मोठ्या आईची अंडीही मोठी असतात, पिल्लाला सुरुवातीची शिदोरी जास्त मिळते.

याच कॉडची दुसरी गोष्ट कॅनडातली. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर जवळजवळ पाचशे वर्षं लोकांनी कॉड धरला. तो संपेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. जुलै १९९२ मध्ये तिथल्या सरकारला ही मासेमारी बंद करावी लागली. हजारो कुटुंबांचा रोजगार एका दिवसात गेला. दोन वर्षांची म्हणून घातलेली बंदी लांबत गेली, आणि उत्तरेकडच्या कॉडची व्यापारी मासेमारी मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली ती थेट २०२४ मध्ये. बत्तीस वर्षं! मोठे मासे आधी संपतात, मग मधले, आणि शेवटी जाळ्यात राहतात ती पोरं.

आपल्याकडे लहान मासा वाचवण्याचा विचार आता कायद्यात आला आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने समुद्रातल्या ५४ प्रजातींसाठी धरण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर धरू नये. त्याच वर्षी पापलेटला राज्य माशाचा मानही मिळाला. चांगलं झालं. माशाने एकदा तरी अंडी घातल्याशिवाय त्याला धरू नये, हा त्यामागचा विचार. पण ही मर्यादा खालची आहे. वरची मर्यादा, म्हणजे एवढ्यापेक्षा मोठा मासाही धरू नये, अशी पद्धत जगात काही ठिकाणी काही जातींसाठी आहे. लहान सोडा, मोठे सोडा, मधले खा. आपल्या घरात जसं लेकरू आणि म्हातारं माणूस आधी सांभाळतात, आणि कामाचा बोजा मधल्यांवर येतो, तसंच काहीसं.

आता पुन्हा माझ्या महाशीरकडे येतो.

अब्बा गेले त्याला काही वर्षं झाली. त्यांची मापाची वही माझ्याकडे आली. कुणाची छाती किती, बाही किती, पाटलांच्या मुलाच्या लग्नाचा कोट, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. एका पानात काहीतरी टणक लागलं. पाहतो तर माशाचं खवलं. जुन्या रुपयाच्या नाण्याहून मोठं, पिवळट पडलेलं. अब्बांनी त्या रात्रीच्या माशाचं एक खवलं जपून ठेवलं होतं. आम्हाला कधी बोलले नव्हते.

ते खवलं मी मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांकडे घेऊन गेलो. झाडाच्या खोडात जशी वर्षाची कडी असते, तशी खवल्यावरही असते. थंड देशात हिवाळ्यात माशाची वाढ थांबते, म्हणून कडी ठळक उमटते. आपल्याकडे ती तितकी स्पष्ट नसते, त्यामुळे मोजणाऱ्याला जपून बोलावं लागतं. कानातल्या बारीक खड्यावरून वय जास्त नेमकं कळतं. पण तो खडा आम्ही कधीच डोक्याच्या कालवणाबरोबर फेकून दिला होता. प्राध्यापकांनी खवलं भिजवून साफ केलं, सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दहा तर नक्की मोजता येतात. एखाद-दुसरं जास्त असेल."

श्रोतेहो, त्या रात्री कंदील धरून उभा असलेला मुलगा आणि पागात सापडलेली ती मादी एकाच वयाची होती.

महाशीरची आपल्याकडची जात म्हणजे टॉर खुद्री. १८३९ मध्ये साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तिचं वर्णन छापलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. म्हणजे हा मासा शास्त्राच्या पुस्तकात गेला तो आपल्याच नदीतून. आज त्या मुळा-मुठेचं पाणी पाहिलं तर यावर विश्वास बसत नाही. महाशीर रोहू-कटल्यासारखा लाखांनी अंडी घालत नाही. त्याची अंडी थोडी, पण मोठी. त्याला वाहतं, स्वच्छ, खडकाळ पाणी लागतं. पुराच्या पाण्यात तो वर चढतो. वाटेत बंधारा आला की चढण संपली. वाळू उपसली की अंडी घालायची जागा संपली. आणि कुणी पाण्यात सुरुंग टाकला किंवा ब्लीचिंग पावडर ओतली तर मोठं, लहान, अंडं, पिल्लू सगळंच संपलं. मासे मारायला सुरुंग आणि विष वापरायला आपल्या देशात १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. कायदा जुना आहे, सुरुंग अजून फुटतात.

लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून महाशीरची पैदास केली. मादीला अलगद दाबून अंडी घ्यायची, पिल्लं वाढवायची आणि ती देशभरच्या नद्या-तलावांत सोडायची. या कामाचा उपयोग झाला. आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यात असलेली ही जात पुढे 'चिंता कमी' या गटात आली. पण याचीही दुसरी बाजू आहे. आपला महाशीर दक्षिणेत कावेरीत सोडला गेला. तिथला मूळचा कुबडा महाशीर त्याहून कितीतरी मोठा होणारा. १९४६ मध्ये काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे चोपन्न किलोंचा मासा गळाला लागल्याची नोंद आहे. जसजसे आपले महाशीर वाढले तसतसे ते मूळचे घटत गेले. २०१८ मध्ये कुबड्या महाशीरची नोंद नष्ट होण्याच्या उंबरठ्यावरच्या जातींत झाली. तेव्हा मासा सोडणं हे प्रत्येक वेळी पुण्याचंच काम असतं असं नाही. कोणता मासा, कुठल्या पाण्यात, हे आधी विचारावं लागतं. घरच्या काचेच्या टाकीतला मासा कंटाळा आला म्हणून नदीत सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

अब्बा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी शेजारच्या काकांच्या मुलाबरोबर वाळणकोंडीला गेलो. आमच्या महाड तालुक्यातच, काळ नदीवर. काळ पुढे सावित्रीलाच मिळते. तिथे वरदायिनी देवीचं स्थान आहे आणि खाली नदीचा खोल डोह. त्या डोहातले मासे देवीचे. त्यांना कुणी धरत नाही. आम्ही चुरमुरे टाकले आणि काळ्या पाण्यातून हातभर लांबीचे महाशीर वर आले. चाळीस वर्षांनी मी तेवढा मासा जिवंत पाहत होतो. काकांचा मुलगा म्हणाला, "चाचा, आपला तो याच्याहून मोठा होता का?" मी म्हटलं, "होता." मग आम्ही दोघंही गप्प बसलो.

असे डोह महाराष्ट्रात आणखीही आहेत. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे इथे महादेवाच्या मंदिराजवळ आहे. कर्नाटकात शृंगेरीला तुंगा नदीवर आहे. मासा किती इंचांचा, किती वर्षांचा हे तिथे कुणी मोजलं नव्हतं. त्यांनी एवढंच ठरवलं की या डोहातला मासा आपला नाही. आज अभ्यासक सांगतात की म्हाताऱ्या माशांना वाचवायचा सगळ्यात सोपा मार्ग हाच, पाण्याचा एखादा तुकडा पूर्णपणे राखून ठेवायचा. श्रावणात मासे न खाणारे आमचे शेजारी, नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटणारे कोळी, यांनी त्यांच्या पद्धतीने हाच नियम पाळला. आमच्या घरात श्रावण नव्हता, पण शेजाऱ्यांचा होता. त्यामुळे अब्बाही त्या महिन्यात पाग वाळत घालायचे. "एकट्याने काय धरायचं?" म्हणायचे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मोठा मासा सोडून द्या, हे माझ्यासारख्या पोट भरलेल्या माणसाला सांगणं सोपं आहे. हौसेने गळ टाकणाऱ्याला ते परवडतं. ओला हात लावावा, पाण्याबाहेर फार वेळ धरू नये, फोटो एकच काढावा आणि सोडावा. पण ज्या कातकऱ्याच्या, भोयाच्या घरात त्या माशावर आठवड्याचं मीठ-मिरची येणार आहे, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू? ओझं सगळ्यात आधी त्याच्या डोक्यावर ठेवायचं आणि नदीत रसायन सोडणाऱ्याला, वाळू उपसणाऱ्याला मोकळं सोडायचं, हा न्याय नाही. नदी राखायची असेल तर वरपासून राखावी लागेल.

माझ्या अब्बांना मी दोष देत नाही. त्या रात्री त्यांना कुणी हा हिशेब सांगितला नव्हता. दादीला मात्र तो पातेल्यात पाहून कळला होता. आणि ते खवलं अब्बांनी इतकी वर्षं का जपलं, हेही मला आता थोडंफार समजतं.

गेल्या आषाढात रात्री साडेदहाला माझा फोन वाजला. काकांचा मुलगा. मागे पाण्याचा आवाज. म्हणाला, "चाचा, मोठी लागली होती. महाशीर. पोट हे असं टम्म." माझ्या छातीत धस्स झालं. मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "पाग कापायला लागला. नवीनच होता, बाराशेचा. सोडली. घरापुरते खवले मिळालेत." मग थोडं थांबून म्हणाला, "आमच्या घरच्यांना नका सांगू हां. पागाचं विचारतील."

त्याच्या घरच्यांनी हे भाषण ऐकलं असेल तर त्यांनी मला माफ करावं. पागाचे बाराशे रुपये मी त्याला दिले आहेत. तो घेत नव्हता, पण मी म्हटलं, "अब्बांच्या नावाने घे."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)